खड्डा काढा, थर मोजा

(रहिमतपूर येथे झालेल्या मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. वस्तीवर वाचून दाखवावा.)



आज आम्ही मातीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मातीचं आम्हाला काय शिकवता? जन्म मातीत गेला. खरं आहे. आपल्यातले किती जण दिवाळीनंतर घरदार बांधून या बाजूला वीटभट्टीवर येतात, आलं काढायला येतात, उसात जातात. माती हातात घेतली की ती विटेला चालंल का तडकंल, हे आपली दहा वर्षांची पोरंसुद्धा सांगतात. पण मागल्या महिन्यात आपल्या काही दाव्यांचे कागद एका कचेरीतून परत आले. त्यावर शेरा होता: "जमीन उथळ, तीव्र उताराची, शेतीस अयोग्य. कसवणूक संशयास्पद." ज्यांनी तीन पिढ्या नाचणी-वरी खाल्ली त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाली, "मग आमी काय दगड खाल्लं व्हय?"

आजीचा सवाल बरोबर आहे. पण कचेरीत सवाल चालत नाही, कागद चालतो. म्हणून आम्ही ठरवलं, हे उथळ, तीव्र, अयोग्य शब्द येतात कुठनं ते समजून घ्यायचं. जे कळलं ते सांगतो.

मातीची प्रतवारी आपल्याकडं नवी नाही. इंग्रजांच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात जमीन मोजणी सुरू केली. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं, मग ती पद्धत इकडंही आली. मोजणीवाला शेताचे भाग पाडायचा, प्रत्येक भागात माती उकरून ती किती हात खोल आहे ते बघायचा. काळी, बारीक, एकसारखी माती पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने कमी झाली की आणे उतरायचे, चौदा, बारा, दहा. तांबूस, जरा भरड माती म्हणजे दुसरी प्रत, खडेगोट्यांची भुरकट माती म्हणजे तिसरी. ती पाव हातच असली तर दोन आणे. वर दोष मांडायचे. चुनखड आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी तुंबतं, असा एकेक दोष निघाला की एकेक प्रत खाली.

आता नीट ऐका. हे सगळं कशासाठी होतं? सारा बसवण्यासाठी. जमिनीतून किती पैसा निघंल, एवढंच बघायचं होतं. आणि जो डोंगर राखीव जंगलात घातला, तिथल्या आपल्या वावराला आणाही मिळाला नाही आणि नोंदही मिळाली नाही. आपण दोन आण्याचेसुद्धा झालो नाही.

आताचे शास्त्रज्ञ वेगळं काम करतात. देशाच्या माती सर्वेक्षणाची मोठी संस्था आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. १९७६ साली ती स्थापन झाली. हे लोक आधी नकाशा आणि आकाशातून काढलेले फोटो बघतात. डोंगरमाथा, उतार, पायथा, नदीकाठ असे भाग पाडतात. मग प्रत्येक भागात जाऊन खड्डा घेतात, पुरुषभर खोल किंवा खाली खडक लागेपर्यंत. खड्ड्याची एक बाजू सरळ तासतात आणि वरून खालपर्यंत थर बघतात. वरचा काळपट, पालापाचोळा कुजलेला थर. त्याखाली चिकण माती साठलेला थर. त्याखाली मुरूम. त्याखाली कातळ. प्रत्येक थर किती जाड ते टेपने मोजतात. रंग ठरवायला त्यांच्याजवळ मन्सेल नावाच्या अमेरिकन माणसाने बसवलेली रंगांची पुस्तिका असते, तिच्या पानाला मातीचं ढेकूळ लावून बघतात. चुना आहे का बघायला आम्लाचा थेंब टाकतात, फेस आला तर चुना. आणि पोत कसा ठरवतात? माती भिजवून गोळा करायचा, मग अंगठा आणि बोटामधून पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली तर चिकण, लगेच तुटली तर वाळूसर. बायांनो, हे तर तुम्ही भट्टीवर रोज करता! फरक एवढाच की ते लिहून ठेवतात, आपण लिहीत नाही.

मग माती प्रयोगशाळेत जाते आणि सगळी माहिती जुळवून तिला नाव मिळतं. नदीकाठची काळी भारी माती, जी उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तिला व्हर्टिसोल म्हणतात. वरची माती भेगांत पडते, पावसात खालची फुगून वर येते, म्हणजे ही माती स्वतःलाच नांगरते. त्या नावाचा अर्थच उलटणारी. डोंगरावरच्या पातळ, खाली लगेच मुरूम लागणाऱ्या मातीला एन्टिसोल म्हणतात, म्हणजे अजून थर न धरलेली, नवी. या दोहोंच्या मधली इन्सेप्टिसोल. पुढं पोटभेद करत करत शेवटी जे नाव येतं ते बहुतेक करून गावाचं असतं. ज्या गावाजवळ ती माती पहिल्यांदा नीट तपासली, त्या गावाचं नाव त्या मातीला.

आपल्या जिल्ह्यात हे नजरेनं दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं तांबडी जांभ्याची माती. पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तिथं बरड आणि मुरमाड माळ. कृष्णेच्या खोऱ्यात काळी. खालचा मूळ दगड मात्र सगळीकडं तोच, काळा पाषाण. पाऊस, उतार आणि काळ वेगळा, म्हणून माती वेगळी. यात भांडायला काही नाही. हे शास्त्र खरं आहे.

भांडण पुढं सुरू होतं. या माहितीवरून जमिनीचे आठ वर्ग पाडतात. पहिले चार शेतीला योग्य. पाच ते आठ चराई, झाडं, जंगल यासाठी. उतार जास्त, माती पातळ म्हणून आपले वरकस तुकडे सहाव्या-सातव्या वर्गात पडतात. तिथनं आला तो "अयोग्य" शब्द. पण हा वर्ग काय सांगतो? इथं नांगर धरला तर माती वाहून जाईल, जपून राहा, एवढंच सांगतो. इथं कोण राबत होतं ते तो सांगत नाही. वनहक्क कायदा २००६ विचारतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आदिवासीच्या ताब्यात होती का आणि पोटासाठी तो ती कसत होता का. माती सोळा आण्याची आहे का दोन आण्याची, हे कायदा विचारत नाही. चांगली माती आपल्याला कुणी ठेवली होती का, की आता वाईट मातीचा दोष आपल्याला लावता?

दुसरी गोष्ट मापाची. राज्याच्या मातीचा नकाशा ज्या सर्वेक्षणावर उभा आहे, त्याचं माप एकास अडीच लाख. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. आपलं एकराचं वावर त्यावर किती दिसणार? पाव मिलिमीटर. पेन्सिलीचं टोकसुद्धा त्याहून जाड. असा नकाशा जिल्ह्याला उपयोगाचा आहे, पण एका तुकड्याचा निवाडा त्यावरून करता येत नाही. तुकड्यासाठी तुकड्यावरच यावं लागतं.

आता मुद्द्याचं. आपल्या आज्या-पणज्यांनी उतारावर दगड रचून ताली घातल्या. दरवर्षी वावरातले धोंडे वेचायचे, तालीवर टाकायचे. पावसात वरची माती वाहून यायची ती तालीमागं अडायची. आम्ही एका वस्तीवर दोन खड्डे घेतले. एक तालीच्या आतल्या अंगाला, दुसरा त्याच उतारावर वावराच्या बाहेर. बाहेर पाच इंचांवर मुरूम लागला. आत बावीस इंच माती, वरच्या हातभरात मोठा धोंडा नाही. बाहेर पाच आणि आत बावीस, हा फरक देवानं टाकला नाही. तो माणसाच्या हातानं झाला, आणि एका-दोन पावसाळ्यात झाला नाही.

वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा येतात, सपाटीकरण आणि बांध असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दावा न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही त्यात आहे. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, असंही नियम म्हणतो. म्हणून प्रत्येक वस्तीनं एवढं करा:

१. वनहक्क समितीसमोर, पाच-सहा जण पंच ठेवून, आपल्याच वावरात तालीमागं एक लहान खड्डा घ्या. दुसरं माप बाहेर ओघळीच्या काठावर जिथं थर उघडे दिसतात तिथं घ्या. जंगलात नवी खोदाई करू नका.

२. टेप लावा. थर किती इंच, रंग कसा, धोंडे किती, मुरूम कुठं लागला ते लिहा. तालीची लांबी-उंची लिहा. पंचांच्या सह्या-अंगठे घ्या. खड्डा लगेच बुजवा.

३. ताल कुणी घातली, ते ज्याला आठवतं त्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब त्याच दिवशी लिहून घ्या.

४. सगळं ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि पोच घ्या.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. खड्डा साल सांगत नाही. तो म्हणतो, इथं पुष्कळ काळ हात लागले. साल सांगणार जबाब, दंडाची जुनी पावती, मतदारयादी. दोन्ही बाजू जोडल्या तरच दावा उभा राहतो. खोटं माप एकानं जरी लिहिलं, तरी सगळ्यांचे कागद संशयात जातील. आणि नवी झाडं तोडून नवा तुकडा कुणी काढू नये. वाहून जाणारी माती आपलीच आहे. ताली ढासळल्या असतील त्या या उन्हाळ्यात एकमेकांच्या मदतीनं बांधून काढू.

साहेब म्हणतात जमीन अयोग्य. आम्ही म्हणतो, जमीन अयोग्यच होती, आमच्या माणसांनी ती योग्य केली. तालीमागची ही सतरा इंच जास्तीची माती आमच्या पणजीनं धोंडे उचलून धरून ठेवलीय. ती मोजा आणि मग शेरा मारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीनं आपली मापं लिहून आणावीत.

जिंदाबाद!