पिस्तुलाच्या नेमबाजीची पहिली स्पर्धा

लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचे स्मरण सामान्यतः संसदेच्या संदर्भात केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बडोद्यात 1888 साली जन्मलेल्या आणि अहमदाबादेत वकिली केलेल्या या मराठी गृहस्थाचे नाव आजही देशातील अनेक तरुणांच्या तोंडी असते, ते अगदी निराळ्या कारणाने. 1951 साली भारताची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष मावळंकर होते, आणि अखिल भारतीय नेमबाजीची एक प्रमुख स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ‘यंदा मावळंकर खेळायची आहे’ असे सांगणाऱ्या मुलाला हे मावळंकर कोण, हे ठाऊक असतेच असे नाही. तिथे पोहोचायचे म्हणजे जिल्ह्याची आणि राज्याची स्पर्धा खेळावी लागते, एवढे मात्र त्याला पक्के माहीत असते.

या वाटेची पहिली पायरी म्हणजे जिल्ह्याची किंवा एखाद्या क्लबाची लहानशी स्पर्धा. पिस्तुलाच्या बाबतीत ती बहुधा दहा मीटर अंतरावरील वायुपिस्तुलाची असते. या पिस्तुलात दारू नसते, दाबलेल्या हवेच्या जोराने साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा उडतो. ठराविक मर्यादेहून कमी शक्तीच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही. पंचवीस मीटरच्या प्रकारातील काडतुसाचे पिस्तूल मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येते, आणि त्याचा विचार नवशिक्याने तूर्त न करणेच बरे. परवान्याची गरज नाही म्हणून वायुपिस्तूल हे खेळणे ठरत नाही. दहा पावलांवरून त्याचा छर्रा माणसाचा डोळा फोडू शकतो. म्हणूनच कोणत्याही चांगल्या केंद्रात पहिल्या दिवशी नेम शिकवीत नाहीत. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला असावी, आज्ञा झाल्याखेरीज छर्रा भरू नये, चाप ओढावयाचा नसेल तेव्हा बोट चापाबाहेर असावे, आणि पिस्तूल खाली ठेवताना नळीत रंगीत दोरी घालून ते रिकामे असल्याचे सर्वांना दिसू द्यावे, एवढेच शिकवितात. ज्या केंद्रात हे शिकविण्याचा कंटाळा केला जातो, तिथे पालकांनी मुलाला पाठवू नये. मग त्या केंद्राच्या भिंतीवर कितीही पदके टांगलेली असोत.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर पैशाचेही बोलले पाहिजे. ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड या देशांत बनलेल्या स्पर्धेच्या पिस्तुलाची किंमत लाख रुपयांच्या पुढे जाते. मुलाने चार दिवस उत्साह दाखविला की कर्ज काढून पिस्तूल आणणारे वडील आहेत, आणि सहा महिन्यांनी ते कपाटात धूळ खात पडलेले पाहणारेही तेच आहेत. पहिल्या स्पर्धेसाठी क्लबाचे, भाड्याने घेतलेले किंवा एखाद्या ज्येष्ठ नेमबाजाकडून मागून आणलेले पिस्तूल पुरेसे असते. जुने विकत घ्यावयाचेच झाले, तर हवेच्या नळकांड्यावरील मुदत आधी पाहावी. मुदत उलटलेले नळकांडे धोक्याचेही असते आणि स्पर्धेत चालतही नाही.

आता नेमाकडे वळावे. दहा मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे, हात मोकळा पसरावयाचा, मनगटाला कसलाही आधार घ्यावयाचा नाही. सुमारे किलोभर वजन अशा रीतीने हातात धरले की ते हलणारच. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. हात स्थिर होईल तेव्हा चाप ओढीन, असे तो ठरवितो. हात काही स्थिर होत नाही. मग माशी क्षणभर काळ्या वर्तुळाच्या मध्यावरून सरकताना दिसते आणि तो ‘आता!’ म्हणून चाप हिसकतो. छर्रा पाचात जातो, आणि हाताला दोष दिला जातो.

दोष हाताचा नसतो. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला एक उभा चौकोनी दांडा असतो, त्याला माशी म्हणतात. दोहोंमधील अंतर सुमारे बत्तीस सेंटिमीटर असते. खाचेच्या मध्यापासून माशी एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर तो फरक सुमारे एकतीस मिलिमीटर होतो, आणि दहाच्या जागी सात गुण पदरात पडतात, तेही काठावर. उलट खाच आणि माशी एकमेकींशी नीट जुळलेल्या राहून सारा हात पाच मिलिमीटर सरकला, तरी छर्रा पाचच मिलिमीटर सरकतो आणि गुण दहाच मिळतात. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब ज्याला एकदा मनापासून पटला, त्याचा निम्मा अभ्यास झाला असे समजावे. हाताची डोल सोसावयाची असते, चापाचा हिसका सोसावयाचा नसतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. डोळा एकाच वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. खाच, माशी आणि लक्ष्य या तिघांपैकी माशी स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर राहिले तरी चालते. ज्याला मारावयाचे तेच अस्पष्ट ठेवावयाचे, हे नवख्याच्या बुद्धीला सहजासहजी रुचत नाही. म्हणून बहुतेक नेमबाज माशी काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरीतच नाहीत. ती वर्तुळाखालच्या पांढऱ्या भागात धरतात आणि छर्रा मध्यावर जाईल अशी खाच बसवून घेतात. तिथे माशीची कड काळी आणि रेखीव दिसते.

हे शिकण्यासाठी छर्रे लागत नाहीत. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रोज दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे आणि माशी न हलविता चाप ओढण्याचा सराव करावा. हा अभ्यास नीरस आहे, यात शंका नाही. गवयाच्या मुलाला पहाटेच्या खर्जाच्या साधनेचा जितका कंटाळा येतो, तितकाच याचाही येतो, आणि दोन्हींना पर्याय नाही.

दोन-तीन महिने असा सराव झाला की स्पर्धेत नाव द्यावे. ‘चांगले गुण पडू लागले की उतरू’ असे म्हणणारे पुष्कळ असतात, पण त्यांची ती वेळ लांबतच जाते. स्पर्धेतील छातीची धडधड घरच्या भिंतीसमोर कधीच होत नाही. ज्याचा अभ्यास करावयाचा ती गोष्टच स्पर्धेबाहेर मिळत नाही, हे लक्षात घ्यावे.

स्पर्धेच्या सकाळी आधी साहित्याची तपासणी होते. पिस्तूल दीड किलोहून जड नसावे. चापाची कसोटी अर्ध्या किलोचे वजन लावून होते, आणि ते वजन उचलले जाण्याआधीच चाप सुटला तर पिस्तूल नापास होते. घोटा झाकणारे बूट चालत नाहीत. पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ किंवा कडे असू नये. आईने सकाळी श्रद्धेने बांधलेला गंडा त्याच मनगटावर असेल, तर तो दुसऱ्या हातावर बांधून घेण्याचे तारतम्य घरूनच दाखवावे, म्हणजे पंचांशी हुज्जत घालण्याची पाळी येत नाही.

तयारीच्या वेळात हवे तितके सरावाचे नेम घेता येतात. मग मोजणीचे नेम सुरू होतात. मोठ्या स्पर्धेत ते साठ असतात, आणि वेळ असा असतो की प्रत्येक नेमाला मिनिटाहून अधिक अवधी मिळतो. नवशिक्याला हे माहीत असूनही तो धावतो. शेजारच्या पट्ट्यावर सटासट नेम पडताना ऐकू येतात आणि आपण मागे पडलो असे त्याला वाटते. उचललेला हात आठ-दहा सेकंदांत स्थिरावला नाही, तर चाप न ओढता तो खाली घ्यावा, श्वास घ्यावा आणि पुन्हा उचलावा. नियमांनी दिलेली ही मुभा पहिल्या स्पर्धेत क्वचितच कोणी वापरतो. सर्वांच्या देखत हात खाली घेणे म्हणजे हार पत्करणे, असा एक खुळा समज त्याला कारण आहे.

तो किती खुळा आहे, हे मोठ्या खेळाडूंकडे पाहिले की कळते. टोकियोचे ऑलिंपिक 2021 साली झाले, तेव्हा ऐन पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत कित्येक मिनिटे गेली आणि त्यांची अंतिम फेरी थोडक्या गुणांनी हुकली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले, आणि दोनच दिवसांनी सरबजोत सिंग यांच्यासह आणखी एक. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, ते बरोबरी झाल्यानंतरच्या जादा नेमांवर. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. इंदूरजवळच्या महू येथील लष्करी नेमबाजी केंद्रात तयार झालेले विजय कुमार यांनी 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणले. या तिघांच्याही हाताला डोल असतेच, ती फक्त त्यांच्या ओळखीची झालेली असते.

पहिल्या स्पर्धेचा निकाल बहुधा निराशाजनक लागतो. सहाशेपैकी साडेचारशे गुण मिळाले तर शरमण्याजोगे काही घडलेले नसते. गुणतक्ता फाडून टाकण्यापूर्वी तो एकदा शांतपणे वाचावा. उजव्या हाताच्या नेमबाजाचे चुकलेले नेम डावीकडे खाली साचले असतील, तर चाप हिसकला गेला आहे. साऱ्या वर्तुळभर विखुरले असतील, तर डोळा माशीवरून लक्ष्याकडे धावला आहे. पहिल्या चार मालिका बऱ्या आणि शेवटच्या दोन ढासळलेल्या असतील, तर खांदा दमला आहे, आणि त्याचा उपाय व्यायामशाळेत आहे. हा तक्ता वहीत डकवून, खाली तारीख, पिस्तुलाचे नाव आणि खाच किती फिरविली ते लिहून ठेवावे, आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज त्याच दिवशी भरून टाकावा.