परत पाठवलेली स्वरलिपी



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. वाजवण्यावर पोट भरेल का, ही काळजी मनातच ठेवून ज्या आईवडिलांनी तुम्हाला इथे पाठवलं, त्यांचंही अभिनंदन.

मी आयुष्यभर व्हायोला वाजवत आले. लांबून हे वाद्य व्हायोलिनसारखंच दिसतं. खांद्यावर घेतलं की फरक कळतो. ते अंगाने मोठं आणि वजनाने जड असतं. व्हायोलिनची सर्वांत खालची तार पंचम मानली, तर व्हायोलाची खालची तार म्हणजे त्याखालचा षड्ज. ही तार लगेच बोलत नाही. गज टेकवून हाताचा भार हळूहळू सोडावा लागतो. घाई केली की नुसती खरखर ऐकू येते.

या वाद्याला मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत लायनेल टर्टिस यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांचा जन्म 1876 साली इंग्लंडमधल्या वेस्ट हार्टलपूलचा. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते व्हायोलिन शिकत होते. एका सहाध्यायाला चौघांच्या क्वार्टेटसाठी व्हायोलावादक मिळेना, म्हणून त्याच्या आग्रहाखातर टर्टिस यांनी व्हायोला हाती घेतला आणि पुन्हा खाली ठेवला नाही. त्या काळी व्हायोलिनमध्ये मागे पडलेल्याच्या हाती व्हायोला दिला जाई. एकट्याने वाजवाव्यात अशा रचनाही फार थोड्या होत्या. टर्टिस नुसते कुरकुरत बसले नाहीत. त्यांनी संगीतकारांना गाठलं, वाजवून दाखवलं, लिहायला लावलं. यॉर्क बोवेन, आर्नल्ड बॅक्स, गुस्टाव्ह होल्स्ट, व्हॉन विल्यम्स यांनी त्यांच्यासाठी रचना केल्या. क्वार्टेटमधली एक रिकामी खुर्ची भरायला आलेल्या मुलाने एका वाद्याचं भांडार उभं केलं.

आणि तरीही मला आज सांगायची आहे ती त्यांच्या चुकीची गोष्ट.

विल्यम वॉल्टन या तरुण संगीतकाराने टर्टिस यांना डोळ्यांसमोर ठेवून व्हायोला आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो लिहिला आणि स्वरलिपी त्यांच्याकडे पाठवली. टर्टिस यांना ती फार नव्या वळणाची वाटली. त्यांनी ती परत पाठवली. 3 ऑक्टोबर 1929 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ती रचना पहिल्यांदा वाजली, तेव्हा व्हायोला होता जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट यांच्या हाती आणि वाद्यवृंदाचं संचालन करत होता सत्तावीस वर्षांचा वॉल्टन. आज व्हायोलाच्या थोर रचनांत तिची गणना होते. म्हणजे ज्या माणसाने दार उघडण्यासाठी उमेदीची वर्षं वेचली, त्यानेच दारात आलेल्या पाहुण्याला ओळखलं नाही.

माझ्या लेखी टर्टिस यांचा मोठेपणा यापुढे सुरू होतो. त्यांनी चूक झाकली नाही. पुढे तोच कॉन्चेर्टो त्यांनी स्वतः वाजवला. 1974 साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या नकाराबद्दलची शरमही त्यांनी लिहून ठेवली.

मित्रहो, पदवी मिळाली, नाव झालं, की कान हळूहळू बंद होऊ लागतात. आपल्याला जे रुचतं तेच संगीत, असं वाटू लागतं. यावर मला सापडलेला उपाय क्वार्टेटचा आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. संचालक नाही, टाळी धरणारा नाही. मध्ये बसलेल्या व्हायोलावादकाला वरचा सूर आणि खालचा आधार, दोन्ही ऐकतच वाजवावं लागतं. पहिला सूर लागण्याआधी चौघं एकत्र श्वास घेतात. तो श्वास ज्याने ऐकला नाही, त्याचा सूर हमखास उशिरा येतो. संगीतकार द्वोर्झाकही तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहात कित्येक वर्षं व्हायोला वाजवत होते. 1893 साली अमेरिकेतल्या स्पिलव्हिल गावी त्यांनी जो क्वार्टेट लिहिला, त्याची पहिली धून त्यांनी व्हायोलाला दिली. मध्ये बसून जे ऐकलं, त्याचीच ती परतफेड आहे असं मला वाटतं.

म्हणून एकटं वाजवण्याची संधी मिळाली, तर ती जरूर घ्या. पण आठवड्यातून एकदा तरी कुणाबरोबर बसून वाजवा. आपल्याहून लहानांबरोबरही वाजवा. तुमच्या वाद्यासाठी पुरेशा रचना नसतील, तर रचनाकारांच्या घरी जा आणि मागा. आणि उद्या एखादी सत्तावीस वर्षांची मुलगी तुमच्या हाती अनोळखी स्वरलिपी ठेवेल, तेव्हा परत पाठवण्याआधी ती एकदा पूर्ण वाजवून पाहा. आजच्या दिवशी तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे.