पेटीत सापडलेलं हत्यार

घरातलं जुनं माणूस गेलं की ट्रंका-पेट्या उघडतात. भांडी, कागद आणि एखाद्या घरात इंग्रजांच्या काळातला वेब्ली रिव्हॉल्व्हरही निघतो. उचलून 'चालतो का बघू' म्हणणारा पोरगा प्रत्येक घरात असतोच. त्याला आधी खोलीबाहेर काढा.

गंज चढला म्हणून ते खेळणं होत नाही. फिरती चक्री आणि तिच्यात गोळ्यांची पाच-सहा घरं असली, तर तो रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाला चक्री नसते, गोळ्या बहुधा मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, तीच घात करते. म्हणून ते भरलेलंच आहे असं समजा. चापाला बोट लावायचं नाही, तेलपाणी करायचं नाही. खोलीला कुलूप लावा आणि पोलीस ठाण्याला फोन करा. पिशवीत घालून एसटीने नेऊ नका.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. तो गेल्यावर हत्यार, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ठेवायचंच असेल, तर वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. वारस म्हणजे फक्त मुलगा नव्हे. बायको, मुलगीही अर्ज करू शकते. 'तुला काय कळतंय' म्हणत दिरांनी परस्पर नेलं, तर परवान्याशिवाय ते त्यांच्याकडे राहणंही गुन्हाच. जमा करताना हत्यारावरचा नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि परवान्याचं जुनं पुस्तक रद्दीत घालू नका.