नगरपालिका कामगारांचे सहभोजन : त्याचे मोल कोणते?
(बौद्ध वस्तीतील सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



येत्या महिन्यात आपल्या नगरपालिकेतील सर्व नोकरवर्गाचे वार्षिक सहभोजन व्हावयाचे आहे. त्यास आपल्या कुटुंबांनी जावे की न जावे, असा वाद या वस्तीत निर्माण झाला आहे. तरुण मंडळी म्हणतात, ‘एका जेवणाने आमचा पगार वाढत नाही, आम्ही धम्म स्वीकारला, आता दुसऱ्याच्या पंगतीची आस कशाला?’ वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आपणांस बोलावले आहे, तर जावे, उगाच वाईटपणा कशाला घ्यावा?’ या दोन्ही म्हणण्यांत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्या नगरपालिकेतही दरवर्षी नोकरवर्गाचे जेवण होत असे. त्या रात्री वडील वर्तमानपत्रात बांधलेला पुऱ्यांचा पुडा घरी आणीत आणि आम्ही भावंडे त्याच्यावर तुटून पडत असू. एकदा मी विचारले, ‘बाबा, तुम्ही तिथेच बसून का नाही जेवलात?’ ते म्हणाले, ‘आम्हांला मागच्या दाराशी पुडे वाटले. जेवण होते, पण आमच्यासाठी पंगत नव्हती.’ त्या वेळी मला पुऱ्यांचीच गोडी होती. या उत्तराचा अर्थ मला कायदा शिकल्यावर कळला.

आपल्या पूर्वजांची गोष्ट आठवा. आज ज्यांस आपण स्थानिक संस्थेचे कामगार म्हणतो, त्यांचे महाराष्ट्रातील जुने रूप म्हणजे गावकीचा महार. सरकारी टपाल पोहोचविणे, गावाची राखण करणे, शेताच्या हद्दी दाखविणे, मेलेली गुरे ओढणे ही सर्व कामे त्याच्याकडे होती. ही गावाची म्हणजे सार्वजनिक कामे होती; परंतु त्यांचा मोबदला पगार म्हणून हातात पडत नसे. थोडी वतनी जमीन, बलुत्याचे धान्य आणि संध्याकाळी दारोदार फिरून मागितलेली भाकर, हेच त्याचे वेतन! काम हक्काचे आणि भाकर मात्र भिकेची, अशी ती विपरीत व्यवस्था होती. तिच्यावर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. अखेरीस १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली.

महाडचा इतिहासही अन्नाशी निगडित आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, हे लोक आता देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठविण्यात आली आणि परिषदेच्या मंडपातील लोकांवर हल्ला झाला. त्यांच्यासाठी शिजविलेले अन्न मातीत मिसळले गेले. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडून देण्याचा उपदेश आपल्या लोकांस करण्यात आला. मनुष्य काय खातो याइतकेच तो ते कोणाच्या हातून आणि कोणत्या जागी बसून घेतो यावरही त्याचा दर्जा ठरतो, हे ते लोक जाणत होते. म्हणून ‘जेवणात काय आहे?’ असे विचारणाऱ्या तरुणांस माझे सांगणे आहे की, त्यात पुष्कळ काही आहे.

तथापि बाबासाहेबांनीच १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या आपल्या भाषणात बजावले आहे की, केवळ सहभोजनाने जात मरत नाही. वर्षातून एक दिवस शेजारी बसून जेवावयाचे आणि उरलेले दिवस माणसास दाराबाहेर उभे ठेवावयाचे, हे ढोंग होय. ज्यास हातमोजे मिळत नाहीत, ज्यास विषारी वायूने भरलेल्या गटारात उतरविले जाते, त्याच्या पानात जिलेबी वाढून ते पाप धुतले जात नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणूस नेमण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. गटारातील मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. हे हक्क आहेत. कोणतेही जेवण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

मग सहभोजनाचे मोल कोणते? माझ्या वकिलीतील एक अनुभव सांगतो. एका गावी अशाच जेवणात घंटागाडीवरील एक कंत्राटी कामगार आणि हिशेब खात्यातील एक लिपिक शेजारी बसले होते. पाच वर्षे एकाच इमारतीत ये-जा करूनही ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते. गप्पांच्या ओघात कामगार म्हणाला, ‘साहेब, पगारातून फंडाचे पैसे कापतात, पण नंबर काही मिळाला नाही.’ लिपिकाने दुसऱ्या दिवशी कागद पाहिले. कंत्राटदाराने पैसे कापले होते, पण भरले नव्हते. ते कागद माझ्याकडे आले आणि कंत्राटदार पैसे भरीत नसेल तर मूळ मालकावरही जबाबदारी येते, हे आम्ही नगरपालिकेस लेखी कळविले. अनेक महिने झगडावे लागले, परंतु पैसे भरले गेले. ते पैसे जेवणाने नव्हे, कायद्याने मिळाले. पण कायद्याच्या दारापर्यंत तो कामगार पोहोचला, तो शेजारच्या पानावरील माणसामुळे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांस एकमेकांपासून तोडता येत नाही, असे सांगितले. पहिल्या दोन गोष्टी कायद्याने मागता येतात. बंधुता मात्र कोर्टाच्या हुकुमाने उत्पन्न होत नाही. तिला ओळख लागते, सहवास लागतो. बुद्धाच्या संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्यास दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांनी त्यास वंदन केले. संघात ज्येष्ठता ठरली ती दीक्षेच्या क्रमाने, जन्माच्या क्रमाने नव्हे. आसनाचा क्रम बदलला म्हणजे मनाचा क्रम बदलावयास आरंभ होतो.

म्हणून माझा सल्ला असा की, आपण जावे, परंतु अटी घालून जावे. पहिली अट, वर्गणी प्रत्येकाने द्यावी आणि ती पगाराच्या मानाने असावी. मुख्याधिकाऱ्याने अधिक, रोजंदारीवरील कामगाराने थोडी, पण द्यावी सर्वांनी. ज्याने आपला वाटा दिला, तो कोणाचा आश्रित नसतो. दुसरी अट, पंगत एक असावी. भांडी, पाणी आणि प्रवेशाचे दार एकच असावे. तिसरी अट, स्वयंपाक आणि वाढप यांसाठी सर्व खात्यांतून आळीपाळीने माणसे घ्यावीत. उष्टी पाने उचलण्याचे काम सफाई कामगारांच्याच गळ्यात पडता कामा नये. चौथी अट, कंत्राटी कामगारांस सहकुटुंब बोलवावे. पाचवी अट, गावाचे पाणी आणि सफाई त्या दिवशीही थांबत नाही. तेव्हा कामावर असलेल्यांसाठी दुसरी पंगत करावी आणि त्या पंगतीस अधिकाऱ्यांनीही बसावे. शिळ्या अन्नाचे पुडे कोणाच्याही हाती देऊ नयेत.

या अटी मान्य झाल्या नाहीत, तर जाऊ नये आणि न जाण्याचे कारण लेखी द्यावे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून चालू आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश झाल्यामुळे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही आपणांस आहे. धर्मांतराने आपले हक्क गेले, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

भगिनींना एक विनंती आहे. त्या दिवशी मुलांना बरोबर न्या आणि त्यांना पंगतीच्या मध्यभागी बसवा. आपला बाप ज्या कचेरीत नोकरी करतो, तेथील साहेबाच्या शेजारी बसून आपण जेवलो, ही आठवण त्यांच्याजवळ राहू द्या. माझे वडील आज हयात नाहीत. त्यांनी आणलेल्या पुऱ्यांची चव मला अजून आठवते. पण मला माझ्या मुलांसाठी ती आठवण नको आहे. आपल्या मुलांसाठीही ती नसावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जयभीम!