तान्हुल्याच्या हातातील खेळणे



बारशाला जाताना आपण हौसेने मऊ खेळणे घेतो. दाबले की वाजणारा ससा, कान कुरकुरणारा हत्ती! रंग व मऊपणा पाहिला की आपले समाधान होते. पण सहा महिन्यांचे मूल वस्तू ओळखते ती तोंडाने. म्हणून त्याचे खेळणे अन्नाइतकेच पारखून घ्यावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

मऊपणाचे प्रकार दोन. कापड मऊ असते ते धाग्याने व विणीने. तेथे भय रंगाचे. काही ॲझो रंगांतून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये सुटतात. अशा अनेक रंगांवर आपल्या देशात १९९० च्या दशकात बंदी आली. पी.व्ही.सी. प्लॅस्टिक मुळात कठीण. ते मऊ करण्यासाठी बहुधा थॅलेट द्रव्ये मिसळतात. ती प्लॅस्टिकशी घट्ट जोडलेली नसल्याने चघळताना लाळेत उतरतात, आणि त्यांपैकी काही शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात. रंगातील शिसे तर वाढत्या मेंदूचे वैरीच.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. आय.एस. ९८७३ या मानकाच्या तिसऱ्या भागातील चाचणी बोलकी आहे. खेळण्याचा अंश जठररसासारख्या सौम्य आम्लात ३७ अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतात आणि शिसे, कॅडमियम, पारा इत्यादी आठ मूलद्रव्ये किती उतरली ते मोजतात. नववा भाग थॅलेटांसाठी आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना मात्र या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे जत्रेतील बाहुलीवर चिन्ह नसले म्हणून ती वाईट ठरत नाही. परंतु रंग कोणता, आत काय भरले आहे, हे विचारण्याचे काम आपल्यावर येते.

घरी एवढे करावे. ओले पांढरे फडके खेळण्यावर घासावे. रंग उतरला तर ते बाळास देऊ नये. प्लॅस्टिकचा उग्र वास येत असेल तर घेऊ नये. कापडी खेळणे आधी धुवावे. शिसे व थॅलेट मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, धुण्याने खात्रीने जातही नाहीत. तेथे चिन्हाचाच आधार.

गावाकडे आजी अनेकदा धुतलेल्या सुती लुगड्याची बाहुली शिवून देई, नाकडोळे दोऱ्याने भरी. परमुलखात आजी जवळ नाही. पण सुईदोरा आहे, जुने सुती पातळ आहे, आणि शेजारच्या तरुण आईला दोन शब्द सांगावयास आपण आहोत. ते अवश्य सांगावेत, ही विनंती.