परवान्याआधी प्रभागाला विचारा



फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडून जे उल्हासनगर उभे केले, ज्या अंबरनाथात 1060 सालचे शिवमंदिर आणि आयुधनिर्माणी एकाच हद्दीत नांदतात, आणि ज्या बदलापुरात मुंबईच्या चाकरमान्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली, त्या तिन्ही गावांत वस्ती वाढली की दारूच्या दुकानाची दरखास्तही पाठोपाठ येते. तिचा निकाल मात्र उत्पादन शुल्क खात्याच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरात लागतो. ज्यांच्या दारासमोर ते दुकान उघडायचे, त्यांना विचारण्याचा रिवाज नाही.

2025 साली राज्यात 328 नवे परवाने देण्याचा विचार चालल्याचे वृत्त आले, तेव्हा मोठा गहजब झाला. त्याच वर्षी, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात असे दुकान काढायचे तर संस्थेची ना-हरकत हवी, असे सरकारने विधिमंडळात जाहीर केले. हे तत्त्व मला सर्वथा मान्य आहे. परंतु जो अधिकार इमारतीला, तो चाळीला आणि झोपडपट्टीला का नसावा?

चालू दुकान बंद करण्याचा अधिकार मात्र राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाने लोकांना दिलेला आहे. त्यासाठी होणाऱ्या मतदानात मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी असते. आडवीला बहुमत मिळाले की परवाना जातो. पण त्या आदेशानुसार हे बहुमत झालेल्या मतदानाचे नव्हे, यादीतील एकूण मतदारांचे लागते. समजा, मतदान केवळ स्त्रियांचे आहे आणि प्रभागात 4,000 स्त्री-मतदार आहेत. त्यांपैकी 1,900 जणींनी मत दिले आणि 1,850 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान अबाधितच राहते. जी बाई पहाटेची लोकल धरून नोकरीला गेली, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पारड्यात पडते, आणि लोकलवर जगणाऱ्या या गावांत अशा बाया थोड्या नाहीत.

परवाने रोखले तर महसूल बुडेल आणि हातभट्टी फोफावेल, असा प्रतिवाद होतो. तो मी हलका लेखत नाही. 2015 साली चंद्रपुरात लागू झालेली दारूबंदी 2021 मध्ये उठवावी लागली, हे मला स्मरते, आणि सरसकट बंदी मी मागतही नाही. परंतु 2015 च्याच जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती परवानाधारक दुकानांची वाण नसलेल्या मुंबईत. गरिबाला स्वस्त विष विकणाऱ्याचा बंदोबस्त पोलिसांनी आणि उत्पादन शुल्क खात्यानेच करायचा असतो. नव्या दुकानाची पाटी ते काम करीत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: नवा परवाना देताना, अथवा जुना दुसरीकडून हलवून आणताना, प्रभागाचे मतदान आधी घ्यावे, ते सुट्टीच्या दिवशी घ्यावे, आणि झालेल्या मतांच्या बहुमताने निकाल लावावा. प्रभागाने होकार दिला तर दुकान खुशाल उघडावे. नकार दिला तर ती दरखास्त तिथेच निकालात काढावी.