घराण्यातली शुगर

‘आमच्या घराण्यातच शुगर आहे,’ असं म्हणून आपण सगळा दोष जनुकांच्या माथी मारतो. त्यात तथ्य नाही असं नव्हे. आईवडिलांना मधुमेह असेल, तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढतेच. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत, आणि त्यांच्या संख्येतली वाढ मुख्यतः गेल्या काही दशकांतली. एवढ्या अवधीत जनुकं बदलत नाहीत. शिवाय घराण्यातून जनुकांबरोबर चूल, कामाची वाटणी आणि गरिबीही चालत येते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटाचा घेर लहान. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी टिकून, अशा शरीराला पुढे बैठं काम आणि भरपूर खाणं मिळालं, की इन्सुलिन अपुरं पडू लागतं. कुणी म्हणेल, ही ठेवणही जनुकांचीच. काही अंशी असेलही. पण याच अभ्यासात ज्या बायकांना शेतातली कामं आणि पाणी आणणं जास्त होतं, त्यांची बाळं लहान निघाली. दूध, फळं, पालेभाज्या ज्यांच्या खाण्यात अधिक, त्यांची मोठी. हा कार्यकारणाचा अखेरचा पुरावा नव्हे, पण जनुकांवरच बोट ठेवणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यातून दोष आईच्या पदरात पडतो. तसं होता कामा नये. गावात नळ कुठवर यावा, हे पाणी भरणारी बाई ठरवत नाही. घरातलं दूध डेअरीला किती जावं, हेही बहुधा ती ठरवत नाही. आणि एकाच ताटातलं खाऊन वाढलेल्या दोन भावांपैकी एकालाच मधुमेह का, असं विचाराल, तर तिथे जनुकांचा वाटा असू शकतो: सारखाच भार सगळ्यांची शरीरं सारखा पेलत नाहीत. मात्र तो भार किती असावा, हे जनुकं ठरवत नाहीत. म्हणूनच, आईवडिलांचं पोषण आधीच सुधारून पुढच्या पिढीवरचा भार हलका करता येतो का हे पाहण्यासाठी, 2012 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी त्याच गावांतल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींना बी-12 जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली, त्यांना मुलं होण्याच्या कितीतरी आधी.